विपश्यना विशोधन विन्यास : खानदेशाच्या वाटेवरचे पाली विद्यापीठ

भुसावळहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड आणि नाशिक ही गावे मागे टाकून थळघाटाच्या माथ्यावर पोहोचतो, तेथे इगतपुरी हे स्थानक लागते. गावालगतच्या टेकडीवर ब्रह्मदेशी धाटणीचा सोनेरी पॅगोडा उभा असून त्याच्या भोवती वसलेल्या परिसराचे नाव 'धम्मगिरी' असे आहे. या परिसराच्या नावात 'विपश्यना विश्व विद्यापीठ' हे शब्द आहेत. पदव्या देणारे, शासनमान्य महाविद्यालये संलग्न करून घेणारे विद्यापीठ असा या शब्दाचा आजचा रूढ अर्थ येथे अभिप्रेत नाही. विद्येचे पीठ, म्हणजे एखाद्या विद्येचे अध्ययन, आचरण आणि जतन जेथे एकत्र चालते ते स्थान, हा त्याचा जुना अर्थ येथे आहे. या परिसरात १९८५ साली स्थापन झालेल्या 'विपश्यना विशोधन विन्यास' या संस्थेने पाली वाङ्मयासाठी जे काम केले, त्याचा लाभ देवनागरी वाचू शकणाऱ्या प्रत्येकाला झाला असून खानदेशातील वाचकाला तर तो त्याच्याच लोहमार्गावर, एका दिवसाच्या प्रवासात उपलब्ध आहे.

संस्थेच्या कार्याचे मोल समजण्यासाठी पाली भाषेची एक मूलभूत अडचण आधी ध्यानात घ्यावी लागते. पाली ही थेरवाद बौद्ध परंपरेच्या मूळ ग्रंथांची भाषा. 'पाली' या शब्दाचा आरंभीचा अर्थ भाषा असा नसून मूळ पाठ, म्हणजे भाष्याहून वेगळा असा बुद्धवचनाचा मजकूर, असा होता. या भाषेला स्वतःची लिपी नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ती प्रथम ग्रंथबद्ध झाली आणि पुढे ज्या देशात गेली तेथील लिपीत लिहिली गेली, त्यामुळे श्रीलंकेत ती सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत, सयामात सयामी अक्षरांत आणि १८८१ साली लंडनमध्ये 'पाली टेक्स्ट सोसायटी' स्थापन झाल्यानंतर रोमन अक्षरांत छापली जाऊ लागली. ज्या भूमीत हे वचन प्रथम उच्चारले गेले, त्या भूमीतील वाचकाला मात्र ते वाचण्यासाठी परक्या लिपीचा आधार घ्यावा लागे, आणि अनेक पिढ्यांतील भारतीय अभ्यासकांनी पाली शिकताना आधी सिंहली, ब्रह्मी किंवा रोमन अक्षरे गिरवली.

महाराष्ट्रात ही अडचण प्रथम ओळखली ती धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या या विद्वानाने बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडले, श्रीलंका व ब्रह्मदेशात राहून पाली आत्मसात केली, आणि सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या मासिक वेतनाच्या बळावर मराठीतून ग्रंथलेखन केले. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले आणि त्यातून महाराष्ट्रात पाली अभ्यासकांची एक परंपरा तयार झाली. पु. वि. बापट आणि रं. द. वाडेकर यांच्यासारख्या संपादकांनी काही पाली ग्रंथ देवनागरीत आणले. चिमणरावांचे जनक म्हणून घरोघरी ओळखले जाणारे चिं. वि. जोशी हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते, ही गोष्ट त्यांच्या विनोदी लेखनाच्या लोकप्रियतेत झाकली गेली, ती खरे तर अभिमानाने सांगण्यासारखी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाली व्याकरण व शब्दकोश यांवर स्वतः परिश्रम घेतले, आणि औरंगाबादेतील महाविद्यालयाला त्यांनी दिलेले 'मिलिंद' हे नाव व त्या परिसराला मिळालेले 'नागसेनवन' हे नाव या दोहोंचा उगम 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातील राजा आणि भिक्खू यांच्या संवादात आहे. इतके होऊनही संपूर्ण पाली वाङ्मय देवनागरीत नव्हते. बिहारमधील नव नालंदा महाविहारात भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली तिपिटक या मूळ ग्रंथसंग्रहाचे ४१ खंड १९५६ ते १९६१ या काळात देवनागरीत प्रसिद्ध झाले, ही या दिशेने पडलेली पहिली मोठी पायरी होय. परंतु त्यात मूळ ग्रंथच होते, त्यांवरील भाष्ये नव्हती.

भाष्यांवाचून मूळ ग्रंथ पुरता उलगडत नाही, हे पाली शिकणाऱ्या प्रत्येकाला लवकरच कळते. तिपिटक म्हणजे तीन पेट्या किंवा करंड्या: भिक्खुसंघाच्या नियमांचे विनयपिटक, उपदेशांचे सुत्तपिटक आणि चित्त व त्याचे धर्म यांचे सूक्ष्म विश्लेषण करणारे अभिधम्मपिटक. या मूळ ग्रंथांवर 'अट्ठकथा' म्हणजे अर्थ सांगणारी भाष्ये रचली गेली, ज्यांतील बरीचशी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांच्या नावाशी निगडित आहेत. अट्ठकथांवर 'टीका' झाल्या, आणि काही टीकांवर 'अनुटीका'ही झाल्या. मराठी वाचकाने ज्ञानेश्वरीवरील भाष्यपरंपरा डोळ्यांसमोर आणली म्हणजे या रचनेची कल्पना येऊ शकेल. हा सगळा संभार ब्रह्मदेशात जिवंत राहिला होता, आणि इगतपुरीच्या संस्थेचा धागा तेथूनच आलेला आहे.

मंडाले हे गाव मराठी वाचकाला लोकमान्य टिळकांच्या कारावासामुळे परिचित आहे. त्याच मंडालेत मिंदों राजाच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकात, संपूर्ण तिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरले गेले आणि १८७१ साली तेथे पाचवी धम्मसंगीती भरली. संगीती म्हणजे विद्वान भिक्खूंनी एकत्र बसून बुद्धवचनाचे सामूहिक पठण करणे व पाठ शुद्ध करून घेणे. याच गावी ३० जानेवारी १९२४ रोजी एका मारवाडी व्यापारी कुटुंबात इगतपुरीच्या संस्थेचे संस्थापक सत्यनारायण गोएंका यांचा जन्म झाला. पुढे १७ मे १९५४ ते २४ मे १९५६ या दोन वर्षांत रंगूनमध्ये सहावी संगीती, म्हणजे 'छट्ठ संगायन', पार पडली. तीत अनेक थेरवादी देशांतील भिक्खूंनी भाग घेतला, तिपिटक, अट्ठकथा आणि टीका यांचे पाठ एकमेकांशी ताडून पाहिले गेले आणि बुद्धाच्या परिनिर्वाणाच्या २५००व्या वर्षी ते काम पूर्ण झाले. याच वर्षांत, १९५५ साली, गोएंका यांनी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना या ध्यानपद्धतीची साधना आरंभिली. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते, म्हणजे गृहस्थाश्रमात व शासकीय जबाबदारीत राहून साधना शिकवणारे आचार्य होते, आणि त्यांच्या या गृहस्थपणाचा ठसा इगतपुरीच्या संस्थेवर आजही दिसतो.

गोएंका १९६९ साली भारतात आले व त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. त्यानंतर काही वर्षे धर्मशाळा, विहार, शाळा अशा मिळेल त्या जागी शिबिरे होत राहिली, आणि स्थायी जागेच्या शोधातून इगतपुरीची टेकडी हाती आली. १९७६ सालापासून धम्मगिरीवर नियमित शिबिरे होऊ लागली. पॅगोड्याच्या आत लहान लहान एकांत कोठड्या आहेत, त्यांना 'शून्यागार' म्हणतात. पाली 'सुञ्ञागार', म्हणजे रिकामे घर, हा शब्द बुद्धवचनात साधकाच्या बैठकीच्या जागेसाठी वारंवार येतो आणि येथे तो विटांच्या बांधकामाचे नाव म्हणून वापरात आहे. शिबिर दहा दिवसांचे असते, त्यात मौन पाळले जाते, पहाटे चार वाजता घंटा होते आणि शुल्क घेतले जात नाही. पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर पुढच्यांचा खर्च भागतो. या दिनक्रमात पहाटेच्या अंधारात साधकाच्या कानी पाली गाथांचे पठण पडते. पालीचा एकही शब्द पूर्वी न ऐकलेला माणूस दहा दिवस ती ऐकतो, आणि त्यांतील काहींना तिचा अर्थ जाणून घेण्याची ओढ लागते. विशोधन विन्यासाची गरज अशा ओढीतून निर्माण झाली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

बौद्ध परंपरेत धर्माच्या अभ्यासाचे तीन टप्पे मानले जातात: 'परियत्ती' म्हणजे ग्रंथांचे अध्ययन, 'पटिपत्ती' म्हणजे प्रत्यक्ष आचरण आणि 'पटिवेध' म्हणजे त्या आचरणातून होणारे सत्याचे भेदक दर्शन. धम्मगिरीवर पटिपत्तीची सोय आधीच झालेली होती. १९८५ साली विन्यास स्थापन करून तिच्या जोडीला परियत्ती आणली गेली. आचरणाच्या पाठीमागून अध्ययन, हा क्रम भारतातील इतर बहुतेक पाली संस्थांहून वेगळा आहे. विद्यापीठांच्या पाली विभागांत विद्यार्थी आधी व्याकरण शिकतो, मग ग्रंथ वाचतो, आणि त्यात सांगितलेली साधना करणे न करणे हा त्याचा खासगी प्रश्न राहतो. विन्यासाच्या अभ्यासक्रमांत मात्र प्रवेश घेणाऱ्याने साधनेचा अनुभव आधी घेतलेला असावा, अशी अपेक्षा असते. या अपेक्षेमुळे निव्वळ भाषाभ्यासू किंवा इतिहासाचा विद्यार्थी काहीसा बाहेर राहतो, ही मर्यादा मान्य करावी लागेल. तरीही 'वेदना', 'सञ्ञा', 'सङ्खार' यांसारख्या पारिभाषिक शब्दांचा अर्थ स्वतःच्या शरीर-चित्तावर ताडून पाहिलेला विद्यार्थी ग्रंथ वेगळ्या नजरेने वाचतो, हेही तितकेच खरे आहे.

विन्यासाचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे छट्ठ संगायनाने शुद्ध केलेल्या संपूर्ण वाङ्मयाचे देवनागरी प्रकाशन. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते हाती घेतले गेले, आणि मूळ तिपिटक, अट्ठकथा, टीका, अनुटीका व इतर ग्रंथ मिळून 'धम्मगिरि-पालि-गन्थमाला' या मालेचे १४० खंड प्रसिद्ध झाले. पाया ब्रह्मी लिपीतील आवृत्तीचा होता. तो मजकूर संगणकावर उतरवून, तपासून देवनागरीत आणावा लागला. या कामातील कष्ट खंडाचे एखादे पान उघडून पाहिले तरी जाणवतात. पानाच्या तळाशी किंवा ओळीतच कंसात 'सी.', 'स्या.', 'कं.', 'पी.' अशी त्रोटक अक्षरे येतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे सिंहली, सयामी, कंबोडियन आणि पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीतील पाठभेद असा आहे. एखाद्या शब्दातील एका मात्रेचा फरकही नोंदवलेला आढळतो. मजकूर एकदा संगणकात आल्यावर तो तेवढ्यावर थांबला नाही. देवनागरी, रोमन, ब्रह्मी, सिंहली, थाई अशा अनेक लिप्यांत तोच पाठ बदलून वाचण्याची सोय विन्यासाने केली, प्रथम सीडीवर आणि पुढे महाजालावर ती विनामूल्य खुली केली, आणि त्यामुळे लिपीवाचून राहिलेल्या या भाषेला अनेक लिप्या एकाच वेळी लाभल्या. जगभरातील पाली अभ्यासक आज शब्दशोधासाठी ज्या पाठाकडे वळतात, त्यांत या पाठाचे स्थान अग्रभागी आहे.

मराठी वाचकासाठी या देवनागरीत आणखी एक जवळीक आहे, ती 'ळ' या अक्षराची. नेहमीच्या हिंदी लेखनात हे अक्षर नाही. पालीत आहे आणि मराठीत आहे. राजगृहात बिंबिसार राजाने संघाला दान दिलेल्या पहिल्या उपवनाचे नाव पालीत 'वेळुवन' असे येते, आणि बांबूला 'वेळू' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. पालीत गुळाला 'गुळ', सोळाला 'सोळस' आणि तळ्याला 'तळाक' म्हणतात. जोडाक्षर सुटे होऊन आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो, हा एक नियम लक्षात ठेवला की 'हत्थ'चा हात, 'कण्ण'चा कान, 'सत्त'चे सात, 'अट्ठ'चे आठ आणि 'दुद्ध'चे दूध होते. खानदेशातील शेतकऱ्याच्या घरातले विद्यार्थी तर आपल्या शेतातली पिकेच पालीत ओळखू शकतात: 'कप्पास' म्हणजे कापूस, 'उच्छु' म्हणजे ऊस, 'मुग्ग' म्हणजे मूग, 'तिल' म्हणजे तीळ. मराठी ही पालीची थेट कन्या नव्हे, तिचे मूळ महाराष्ट्री प्राकृतात आहे, परंतु दोन्ही भाषा मध्य भारतीय आर्य कुळातल्या असल्यामुळे हे साम्य योगायोगाचे नाही. विपश्यना साधनेचा आधारग्रंथ असलेल्या महासतिपट्ठानसुत्तात शरीराकडे पाहण्याची रीत सांगताना एक उपमा दिलेली आहे: दोन तोंडांची, निरनिराळ्या धान्यांनी भरलेली पिशवी डोळस माणसाने सोडावी आणि हे भात, हे मूग, हे तीळ असे एकेक धान्य ओळखून बघावे. जळगाव किंवा धुळ्याच्या धान्यबाजारात वावरलेल्या माणसाला या उपमेसाठी अट्ठकथेची गरज पडणार नाही.

खानदेशाचे या विद्येशी असलेले नाते केवळ शब्दांपुरते नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या वरच्या अंगाला, सातमाळ्याच्या रांगेत, पितळखोऱ्याची लेणी आहेत. त्यांतील ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेल्या लेखांत मगिल नावाच्या राजवैद्याचे आणि त्याच्या कुटुंबीयांचे दान नोंदलेले आहे, तर एका यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव आहे. जळगावहून साठ किलोमीटरवर असलेली अजिंठ्याची लेणी जगाला ठाऊक आहेत, आणि तेथील भिंतींवर चितारलेल्या कथा ज्या जातकपरंपरेतल्या आहेत, त्या परंपरेचे संपूर्ण पाली रूप जातक-अट्ठकथेत मिळते. अजिंठा पाहून परतणाऱ्या बहुसंख्य मराठी पर्यटकांनी छद्दन्त हत्तीची कथा मार्गदर्शकाच्या तोंडून चार वाक्यांत ऐकलेली असते. ती कथा आता देवनागरी अक्षरांत, तिच्या मूळ भाषेत वाचता येते. साधनेच्या बाजूनेही हा प्रदेश धम्मगिरीशी जोडलेला आहे. धुळ्याजवळ तिखी येथे, डेडरगाव जलशुद्धीकरण केंद्राच्या परिसरात, 'धम्मसरोवर' हे खानदेश विपश्यना साधना केंद्र चालते. इगतपुरीला जाणे ज्यांना शक्य होत नाही अशा अनेकांनी पहिली पाली गाथा तेथे ऐकली आहे.

विन्यासाचा पुढचा विस्तार मुंबईजवळ गोराई येथे झाला. तेथील 'ग्लोबल विपश्यना पॅगोडा' हा दगडी घुमट आतून एकाही खांबावाचून उभा आहे, त्यातील दगड एकमेकांत अडकवून रचलेले आहेत, आणि त्याखाली सुमारे आठ हजार माणसे एकाच वेळी बसू शकतात. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या आणि जळगावातूनच सार्वजनिक जीवनाला आरंभ केलेल्या एका खानदेशकन्येच्या हातून हे व्हावे, याची नोंद या प्रदेशाच्या इतिहासात अवश्य असायला हवी. या परिसरातील 'परियत्ती भवन' हे आज विन्यासाच्या अध्ययनकार्याचे मुख्य ठिकाण असून तेथे पालीचे निवासी वर्ग होतात; मुंबई विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या सहकार्याने बुद्धाची शिकवण व विपश्यना या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही चालवला गेला आहे. गोएंका यांना २०१२ साली पद्मभूषण हा सन्मान मिळाला आणि २९ सप्टेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. संस्था व्यक्तीच्या पश्चात टिकते की नाही, ही कोणत्याही संस्थेची खरी कसोटी असते. शिबिरे, ग्रंथ आणि वर्ग ही तिन्ही कामे त्यांच्या नंतरही चालू राहिली.

अर्थात काही उणे आहे आणि तेही स्पष्ट लिहिले पाहिजे. १४० खंडांत मूळ पाठ आहे, मराठी अनुवाद नाही. अट्ठकथांच्या सागरात एकट्याने उतरणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला आजही हिंदी किंवा इंग्रजी साहाय्यक ग्रंथांवर अवलंबून राहावे लागते. कोसंबींनी शंभर वर्षांपूर्वी सुबोध मराठीतून हा विषय मांडला होता, त्या मराठीची धार पुढील पिढ्यांच्या अनुवादांत सर्वत्र टिकलेली नाही. लिपीची अडचण इगतपुरीने दूर केली. अर्थाची अडचण दूर करणे हे काम मराठी अभ्यासकांकडे आले आहे, आणि ते करणे ही मुंबई-पुण्याचीच जबाबदारी आहे असे मानण्याचे कारण नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी आणि बुद्धविहारांनी या निमित्ताने निदान एवढे करावे: आपल्या कपाटात देवनागरी धम्मपद ठेवावे आणि आठवड्यातून एक तास ते मोठ्याने वाचावे. त्यात ४२३ गाथा आहेत, आणि त्या सगळ्या आपल्याला येणाऱ्या अक्षरांत छापलेल्या आहेत.